केबलवाल्या भाऊंचं घरचं चॅनल

"घरचं मागून!" केबलवाल्या भाऊंच्या तोंडी हे सदानकदा असायचं. पंगतीत आधी पाहुणे, मग घरचे, तसाच त्यांचा धंद्यातला कारभार.

दारव्ह्यात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची केबलची खोली. जगभरातली चॅनलं तिथून घरोघरी जात, आणि एक चॅनल त्यांचं स्वतःचं. त्यावर गावातली लग्नं, भजनं, भीमजयंतीची मिरवणूक. पण त्याचं चित्र कायम फुटायचं. नवरदेव घोड्यावर बसेपर्यंत ठीक. वरात नाचायला लागली की सगळे चौकोनच चौकोन. तुमच्याही घरी असं झालंच असेल.

मी एकदा भांडायलाच गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, काळीपिवळी पाह्यली न? गाडी तेवढीच, शिटा वाढून राह्यल्या. म्हून हे मशीन एकेका चित्राले दाबून बसवते. उभ्या माणसाले जागा कमी लागते, नाचणाऱ्याले जास्त. आता क्रिकेटले कमी जागा देली तर लोक मले मारतीन!"

"आणि तुमच्या चॅनलला?"

"उरन ते. घरचं मागून." असं म्हणून स्वतःच खो खो हसले. माझा राग तिथंच संपला.

मशीनमधून दाबून निघालेलं चित्रण तेवढं ते जपून ठेवत. कॅमेऱ्यातलं मूळ पुसून टाकत, कारण कार्ड पुढच्या लग्नाला लागायचं. मी शाळेत शिकवते; त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. एका जागी बसेल तर शपथ! भीमजयंतीच्या लेझीम पथकात पहिल्या रांगेत तीच. तेही चित्रण भाऊंनी असंच ठेवलं.

मागच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. वर्गात तिच्या बाकाकडे बघवत नाही मला अजून.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भाऊंनी घरच्या मोठ्या टीव्हीवर ते चित्रण लावलं. रांगेत उभी होती तोवर तिच्या वेणीची रिबीनसुद्धा दिसत होती. ताशा वाजला, पोरगी उसळली, आणि चेहऱ्याचे चौकोन झाले. भाऊंनी घाईनं चित्र मागं नेऊन उभ्या रांगेवर थांबवलं.

"कायले थांबवता?" वहिनी म्हणाल्या. "माही पोरगी अशी उभी राहे काय कधी?"

भाऊंनी चपला घातल्या आणि ते केबलच्या खोलीकडे निघून गेले.

मी घरी येऊन टीव्ही लावला. बातम्या नाहीत, मालिका नाहीत, क्रिकेट नाही. गावाची सगळी चॅनलं बंद करून भाऊंनी अख्खी तार त्या एका घरच्या चॅनलला दिली होती. एकदा दाबताना गेलेलं परत येत नाही, हे त्यांच्याइतकं गावात कोणाला ठाऊक असणार? तरी दिली. ताशा वाजला. चौकोन तेच होते.

तेवढ्यात फोन आला.

"मॅडम, तुमच्याकडं थोडी साफ दिसून राह्यली काय?"

"हो भाऊ," मी म्हणाले. "छान दिसतेय."