हात पदरात होते

"बस खाली. उकिडवी. हां. आता दोन्ही हात डोक्यावर घे."

मी बसले. हातातला ब्रश कानामागं अडकवला आणि बसले.

"मान अजून खाली. घाबरलेली दिसली पाहिजेस. लाठी येतेय अंगावर, असं समज."

मी मान खाली घातली. तो खुर्चीत बसून मोबाइलवर फोटो काढत होता. बुटांना आमच्या कारखान्यातली पांढरी धूळ लागू नये म्हणून खुर्चीखाली वर्तमानपत्र अंथरलेलं. समोरून काढला, मग उठून बाजूनं काढला. मागं जाऊन पाठीचा काढला. मी तशीच.

"बघा भाऊ, काही शिकवावं लागलं नाही. यांच्या अंगातच आहे ते."

सगळे हसले. मालक हसले, पॉलिश मारणाऱ्या बाया हसल्या, टेंपोवाला कशाला आला होता कुणास ठाऊक, तो पण हसला. माझ्या गुडघ्यात कळ आली होती, पण ऊठ म्हणल्याशिवाय उठायचं कसं? तो फोटो बघत बसला. मग फोन खिशात टाकून निघून गेला. ऊठ म्हणायचं राहूनच गेलं त्याचं.

पेणला गणपतीच्या कारखान्यात मी डोळे काढते. आखणी म्हणतात त्याला. सगळं रंगकाम झालं की शेवटी डोळे. तोवर ती माती, डोळे उघडले की देव. आधी कित्येक वर्षं मी नुसती मूर्ती घासायची. मग एकदा भाऊंनी, म्हणजे मालकांनी, माझ्या हातात बारका ब्रश दिला. बाईमाणसाच्या हातची आखणी नको म्हणणारी गिऱ्हाइकं होती. त्यांना भाऊ म्हणायचे, हात बघा, बाई बघू नका. हे मी विसरले नाय. म्हणून पुढचं जड गेलं.

तो खुर्चीवाला कोण? रोह्याच्या एका मंडळाचा अध्यक्ष. धाटावच्या कंपन्यांत माणसं पुरवतो, कंत्राट हाय त्याचं. आणि आमच्या गावचा खोत. खोती कधीच गेली, कागदावर. गावात तो दिसला की म्हातारी माणसं अजून बांधावरून खाली उतरतात. माझा धाकटा भाऊ त्याच्याच कंत्राटात शिफ्ट करतो, वरसे गावात भाड्यानं राहतो, बायको आणि दोन पोरं. मी आईजवळ खाडीकाठच्या आमच्या गावातच. नवऱ्याचं घर मी सोडलं, तो विषय वेगळा.

त्या वर्षी मंडळाचा देखावा होता, आपल्या खाडीचा स्वातंत्र्यलढा. मधे चौथऱ्यावर खोताचा आजा, हातात झेंडा. भोवती पोलीस, लाठ्या उगारलेल्या. आणि पायाशी मिठागरातली माणसं, मार खाणारी. आज्याचा पुतळा जुन्या फोटोवरून वेगळा घडवला. मिठागरातल्या आमच्या माणसांसाठी खोत बोलला, "मागची गर्दी आहे, एकच साचा चालेल. लुगड्यांचे रंग तेवढे बदला."

तो साचा माझा. माझ्या फोटोवरून केलेला.

मग रोज सकाळी शटर वर केलं की समोर मीच. ओळीनं बसलेली. उकिडवी, मान खाली, हात डोक्यावर. डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा खड्डा. मी डबा ठेवायला आत जायची तर त्यांच्यामधून वाट काढावी लागायची. बाया म्हणायच्या, बघ गो, तुझ्या बहिणी. मी हं म्हणायची.

घरी आईला सांगितलं. ती ओटीवर जवळा निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"हात कुठं ठेवायला लावले?"

"डोक्यावर."

"डोक्यावर कसे असतील गो? हात पदरात होते."

माझ्या पणजीबद्दल बोलत होती ती. आईची आजेसासू. मी लहान असताना म्हातारी होती अजून. तिच्या कपाळाला खोच होती, भुवईच्या वर. मी तिच्या मांडीवर बसून त्यात बोट घालायची, बरोबर बसायचं. हे काय झालं विचारलं तर म्हणायची, सरकारचं बोट लागलं. मला वाटायचं, सरकार म्हणजे कुणी आडदांड बाप्या असणार.

आईनं सूप बाजूला ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिला म्हातारीनंच सांगितलेलं.

मिठागरात उभं राहून पायांची सालं निघायची. पण ते मीठ आपलं नाय. घरात खायला विकत आणायचं, सरकारचा कर भरून. कनवटीला चिमूटभर सापडलं तर मार. वर खोताची वेठ. त्याची लाकडं फोडा, त्याचं घर शाकारा, फुकट. खोत बांधावरून आला की बाकीच्यांनी चिखलात उतरायचं आणि तो पुढं जाईपर्यंत खाली बघायचं.

मग एक दिवस एक बाई उतरली नाय. कोण, काय, नाव पण कुणाला आठवत नाय. डोक्यावर टोपलं होतं म्हणे, दमलेली होती, उभी राहिली तशीच. खोत बाजूनं गेला. त्यानं तिला झोडपवली, पण गावानं बघितलं होतं की उभं राहता येतं. पुढच्या हप्त्यात आणखी दोघी उतरल्या नायत. मग वेठीला जाणं बंद झालं. खोतानं पाणी तोडलं. माणसं खाडीपलीकडून पाणी आणायला लागली, पण वेठीला गेली नायत. पेणच्या बाजारातून बातमी आली की सरकारचा मिठाचा कायदा लोक उघड मोडतायत, तेव्हा गाव आधीच पेटलेलं होतं. आता ते माइकवर सांगतात ना, ठिणगी पडली, ठिणगी पडली! कसली ठिणगी? ओलं लाकूड किती वर्षं धुमसत होतं, ते सांगा की.

एका सकाळी सगळ्या बाया आगरात उतरल्या आणि पदर भरून मीठ घेतलं. बांधावर पोलीस. त्यांच्या बाजूला खोत, उन्हाची छत्री घेऊन. कुठली बाई कुठल्या घरातली, ते छत्रीच्या टोकानं दाखवत होता.

"लाठी आली तेव्हा आज्जीचे दोन्ही हात पदरात गुंतलेले," आई बोलली. "हात वर केले असते तर मीठ सांडलं असतं. तिनं नाय केले. डोळे पण मिटले नायत. मारणाऱ्याचं तोंड बघून ठेवलं, म्हणायची."

बाप्ये तुरुंगात गेले. मग बाजूचं गाव उठलं, मग त्याच्या पलीकडचं. जंगलातली माणसं उठली, शाळा सोडून पोरं आली. मग ते थांबलं नाय, गोरा जाईपर्यंत. आमच्या घरात त्याचा काय पुरावा हाय? ती खोच. आणि म्हातारीबरोबर ती पण जळून गेली.

त्या दिवशी मी जेवले नाय. म्हातारीच्या कपाळात बोट घालून वाढले मी, आणि त्याच खोताच्या नातवासमोर हात डोक्यावर घेऊन बसले. माझ्याच अंगाचा साचा करून तो म्हातारीला खोटं पाडत होता.

दुसऱ्या दिवशी गर्दीची आखणी माझ्याकडं आली. हात काय मला बदलता येत नव्हते. साच्यातून निघालेलं अंग, ते तसंच राहणार. पण डोळे माझे होते. मी पहिली मूर्ती पुढ्यात ओढली. मान खाली होती ना? असू दे. बुबुळ वर काढलं. भुवईच्या खालून, सरळ समोर बघणारं. मग दुसरी, मग तिसरी. पाणी प्यायला पण उठले नाय. सगळ्यांची नजर एकाच जागी लावली. समोरच्या खुर्चीवर.

कधीपासून मागं येऊन उभी होती कोण जाणे, रंग भरणारी निरा. दबक्या आवाजात बोलली, "अगो बाई. ह्या आता उठतील."

खोत माल बघायला आला. वर्तमानपत्र अंथरलं, खुर्चीत बसला, वर बघितलं. खुर्ची जरा सरकवली. मग भाऊंकडं वळला.

"हे काय भुतं बसवलीत? पुसा ते. खाली बघणारे डोळे काढा."

"नाय काढत," मी बोलले.

माझाच आवाज मला ओळखू आला नाय. भाऊ मधे पडले, "अगो, गिऱ्हाइकाचं काम हाय. हात मार, संपव."

"हात डोक्यावर नव्हते भाऊ. पदरात होते. पदरात मीठ होतं." मग मी त्याच्याकडं बघितलं. "आणि तुमच्या आज्याच्या हातात झेंडा नव्हता. छत्री होती."

रंग मारायच्या मशीनचा आवाज बंद पडला. कुणी बंद केला ते कळलं नाय. खोत चिडला नाय, तेच वाईट. तो हसला.

"तुझा भाऊ धाटावला माझ्याकडेच आहे ना? पोरं शाळेत घातली म्हणे त्यानं. छान."

एवढंच बोलून उठला.

दुपारी भावाचा फोन आला. "ताई, मातीचे डोळे हायत. काढ खाली. माझ्या पोरांकडं बघ."

"मातीचेच हायत, तर खोताला एवढे का लागले रे?"

त्यानं फोन ठेवला. मी भिंतीला टेकून बसले. त्या पोरांना मी न्हाऊ-माखू घातलंय.

भाऊंनी ब्रश दुसऱ्या आखणीवाल्याच्या हातात दिला. कारखान्यातला जुना माणूस, कधी उलट शब्द नाय. तो पहिल्या मूर्तीसमोर बसला. बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. मग ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवला. "आज हात चालत नाय माझा." भाऊंनी निराला हाक मारली. निरा बोलली, "माझा पण नाय चालत." आणि घाबरून पदर तोंडात धरला. मग भाऊंनी स्वतः पांढरा रंग घेतला आणि एकेक डोळा बुजवला. त्यांना आखणी येत नाय, ते धंदा बघतात. माझ्याकडं न बघता बोलले, "उद्यापासून येऊ नको."

सणाच्या तोंडावर आखणीवाला कुठं मिळणार? मूर्ती तशाच टेंपोतून रोह्याला गेल्या. पांढऱ्या डोळ्यांनी.

मी एसटी धरून देखावा बघायला गेले. रांग मोठी होती. आत अंधार, माइकवर घोगरा आवाज. "भोळीभाबडी जनता भयानं थरथरत होती. तेव्हा एक महापुरुष पुढे आला." आज्यावर पिवळा उजेड पडला. झेंडा हलला. मग गर्दीवर लाल उजेड आला, आणि रांगेतली माणसं पुढं वाकून बघायला लागली. पायाशी बसलेल्या सगळ्या बाया आंधळ्या.

माझ्या मागच्या बाईनं विचारलं, "ह्यांना डोळे का नाय?"

"होते," मी मोठ्यानं बोलले. "पुसले."

"कुणी?"

पाहुण्यांच्या खुर्च्यांत तो बसला होता. मी बोट दाखवलं. रांग थांबली. मंडळाची पोरं ओरडायला लागली, पुढं चला, पुढं चला. कुणी हललं नाय. मागं कुजबूज गेली, काय झालं, कुणी पुसले, कुणाचे? मी सांगितलं. आगर, पदर, छत्री, सगळं. माइकवर महापुरुष चालूच होता. खोत माझ्याकडं बघत होता. मी पण बघत होते. बघता बघता त्यानं फोन कानाला लावला.

दुसऱ्या दिवशी भावाचा गेटपास काढून घेतला. त्याचा एकट्याचा नाय, आमच्या गावातल्या सगळ्यांचा. गावात शिव्या पडल्या मला. धाकटा भाऊ वरसे गावातली खोली सोडून पोरांना घेऊन घरी आला. माझ्याशी बोलायचा नाय, मी वाढलेलं ताट बाजूला सरकवायचा. आई मधे बसून दोघांना वाढायची.

मग संध्याकाळची माणसं आमच्या ओटीवर यायला लागली. आधी शिव्या घालायला आली होती, तीच. एकानं आईला विचारलं, त्या उतरल्या नायत म्हणजे नक्की काय झालं होतं? आईनं परत सगळं सांगितलं. भाऊ आतून ऐकत होता. काल खोत गावात गाडीतून उतरून बांधावरून चालत आला. म्हातारी माणसं सवयीनं चिखलात उतरली. आमचा भाऊ उतरला नाय. मी बघितलं.

आज सकाळी तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

"सोमवारी सगळे धाटावला कंपनीच्या गेटवर बसतोय. पोलिसांची गाडी आतापासून येऊन थांबलीय. ताई, तू येऊ नको. मार पडंल."

मार पडंल, ते मला माहीत हाय. पाऊस पण असंल. मी येणार. हात डोक्यावर घेणार नाय आणि डोळे मिटणार नाय. मारणाऱ्याचं तोंड बघून ठेवणार. आणि त्याच्या बाजूला छत्री घेऊन कोण उभा हाय, ते पण.