पप्पांचं कपाळ

“टिपूससुद्धा न्हाई पोरीच्या डोळ्यात. आपल्या बोअरसारखीच आटली म्हणायची,” दाराआडून चुलतीचा आवाज आला. कुणीतरी हसू दाबलं. विंग्रजी शाळेत घातलं की असंच होतंय, असंही ती म्हणाली.

मी ऐकलं आणि हात तसाच ठेवला.

उदगीरच्या घरात, ओसरीवर, पप्पा भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. बसवतात, आणि बसलेलंच पुरतात. डोकं सरळ राहावं म्हणून कपाळावरून घेतलेली पट्टी मागच्या खुंटीला बांधली होती. ती घसरायला लागली, तेव्हा आईने माझा तळवा त्यांच्या कपाळावर दाबून ठेवला. जरा वेळच, म्हणाली.

तो जरा वेळ संपेना. बिलोलीहून काका यायचे होते. दुष्काळाने जमिनीचा दगड झालेला, त्यामुळे खड्डा खणणारे सकाळपासून गुडघाभरच गेले होते. बाहेर बसलेली माणसं हळू आवाजात बोलत होती, की लातूर जिल्हा झाला खरा, पण टँकर काही इकडे फिरकत नाही.

मला रडायचं होतं. पण शाळेत मी वाचताना मुली मला हसायच्या तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली होती. जे होतंय ते मनात दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं सांगायचं. ही मुलगी घाबरली आहे. हिला रडू येतं आहे. असं सांगितलं की ते दूर जायचं. त्या दिवशीही गेलं. पण नंतर मी सांगणं थांबवलं, तरी रडू परत येईना. पप्पांसाठी एवढंही आपल्याकडून होणार नाही का, असं वाटून मी बसून राहिले.

ऊन ओसरीवर आलं, तेव्हा त्यांच्या कपाळाने माझा तळवा हलकेच रेटला. थांबलं. पुन्हा रेटलं.

ही मुलीची स्वतःचीच नाडी आहे, मी मनात सांगितलं. डोक्याला पटलं. हाताला पटेना. मी इंग्रजी धडा वाचून दाखवायचे तेव्हा, एक शब्द कळत नसताना, पप्पा अशीच मान हलवायचे. आत्ताही ते ऐकत होते. मी काही वाचत नव्हते, तरी.

काका आले. खड्डा झाल्याचा निरोप आला. चार माणसं उचलायला पुढे झाली आणि चुलती म्हणाली, “सोड बाई आता.”

मुलगी हात काढते आहे, मी सांगितलं. हात निघाला नाही. पुन्हा सांगितलं. बोटं पांढरी पडली होती आणि तळव्याखाली रेटणं चालूच होतं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. चुलती माझ्याजवळ खाली बसली, तिने माझं मनगट धरलं, पण ओढलं नाही.

“सोड ना गं माय. काय होतंय तुला?”

“हात काढला तर पप्पा पडतील.”