दम कुणाचा?

आयसीयूबाहेरच्या बाकावर भर दुपारी वैजयंतीचा डोळा लागतोय, आणि शेजारी बाबांच्या धाकट्या भावाचं, मधुकाकांचं, तेच पालुपद चालू आहे. दादाची छाती हलतेय, अंग गरम आहे, मेलेला गडी उठतो गो. काका जुने कबड्डीपटू. बाद झालेल्याला त्यांच्याकडे मेलाच म्हणतात. वैजयंतीला ओरडावंसं वाटतं. डॉक्टरांनी मशीन बाजूला करून बाबांचा स्वतःचा श्वास येतो का ते पाहिलं, काही तासांनी पुन्हा पाहिलं. आला नाही. मेंदू गेला म्हणजे माणूस गेला, असं ते म्हणाले, आणि जाता जाता 'मशीनवर आहेत' असंही म्हणाले. गेले की आहेत? एकालाही धड बोलता येऊ नये? किडन्या द्यायच्या का, हे मात्र तिनेच ठरवायचं, तेही हृदय थांबायच्या आत. काका ऐकायला तयार नाहीत. हेल्मेट खुंटीला टांगून फटफटीवर निघालेल्या माणसाने सगळ्यांच्या जिवाला घोर लावलाय, असं तिच्या मनात येतं आणि रडूही येतं.

मुठीत बाबांची पंचाची शिट्टी आहे. नर्सने कपड्यांबरोबर दिलेली, तोंडाशी पानाचा कात वाळलेला.

बाकाखालची फरशी तांबडी होते. माती आहे ती, फक्कीने आखलेली. मधल्या रेषेवर आयसीयूचा हिरवा पडदा वाऱ्याने हलतोय. पलीकडे बाबा चढाईला उभे आहेत, चड्डी-बनियनवर, गालात पान धरून. 'कबड्डी, कबड्डी' स्पष्ट ऐकू येतंय, पण त्यांचे ओठ मिटलेले आहेत. आवाज पडद्यामागच्या मशीनचा आहे.

"बाबा, तुम्ही गेलात की आहात?" ती चिडूनच विचारते. "सगळे खोळंबलेत."

"मला काय विचारतेस? चढाईत मी आहे. पंच तू."

"छाती हलतेय तुमची."

"दम कुणाचा आहे?"

बाहेरून दुसऱ्या कुणी दम घातलेला बाबांनी जन्मात चालवून घेतला नसता. दम तुटला म्हणून त्यांनी सख्ख्या भावालाही भर सामन्यात बाद दिलं होतं, आणि मधुकाका वर्षभर बोलले नव्हते.

"मशीनचा," ती शेवटी म्हणते.

"मग?"

"काका म्हणतात, मेलेला गडी उठतो."

बाबा हसतात. पान सांभाळत हसायची त्यांची तीच जुनी पद्धत. "मध्याला नियम कधी पुरता कळलाच नाही. इकडचा मेला की उठतो तो पलीकडचा. गो, पलीकडे कोणी बसलंय का बघ."

ती वळून पाहते. रेषेबाहेर बाद गड्यांची रांग बसलीय, आणि ती रांग हॉस्पिटलच्या लोखंडी खुर्च्यांवर आहे. पहिल्या खुर्चीतली बाई हाताला डायलिसिसची पट्टी बांधून, गुडघे जवळ घेऊन, नुसती वाट बघतेय.

"तुम्हीच वाजवा ना," वैजयंती म्हणते. "मी तुम्हाला बाद देऊ?"

"रडीचा डाव नको, वैजे. मला दम लागलाय."

ती शिट्टी ओठांना लावते.

कर्कश आवाजाने सगळा पॅसेज दचकतो. आयसीयूच्या दारातून नर्स डोकावते, हॉस्पिटल आहे हे, म्हणून रागावते. मधुकाका मात्र अर्धवट उठून जागच्या जागी थांबलेत. शिट्टी वाजली की थांबायचं, ही सवय अजून त्यांच्या पायांत आहे.

"काका," ती म्हणते, "दम तुटलाय बाबांचा. केव्हाच."

काका तिच्याकडे पाहतात, मग दाराकडे. रेषेबाहेर येऊन बसावं तसे हळूच बाकावर बसतात आणि तोंड झाकून घेतात. पण या वेळी पंचाशी भांडत नाहीत.

डॉक्टरांना बोलवा, असं ती नर्सला सांगते. शिट्टी पुसायला ओढणीचं टोक घेते, तर वाळलेला कात ओला झालाय. वैजयंतीने जन्मात कधी पान खाल्लेलं नाही, आणि तिच्या ओठांना चुन्या-काताची चव आहे.