नऊ नंबर, वाळलेले

तारीख अकरा फेब्रुवारी, रविवार, सकाळी साडेआठ. रक्कम अठ्ठावीस हजार रुपये: झाडं चौदा, तोडणीचे झाडामागे दोन हजार. हजर चार जण: मी, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, रस्त्याचा ठेकेदार आणि त्याने सोबत आणलेला झाडं तोडणारा माणूस. वहीत असंच आहे. प्रत्यक्षात आम्ही पाच जण होतो. गेटबाहेर पाटी खाली ठेवून रोजची भाजीवाली मावशी उभी होती. ती सोसायटीची सभासद नाही, म्हणून मी तिला हजेरीत धरलं नाही.

आमची सोसायटी सोनिवलीत आहे. तीन इमारती, अठ्ठेचाळीस फ्लॅट. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दरवर्षी मार्चअखेर रॅकवरची एकेक वस्तू मोजायची आणि तिच्यापुढे लिहायचं, चालू किंवा निकामी. बावीस वर्षं हेच केल्यामुळे सोसायटीत काहीही मोजायचं निघालं की मला हाक येते. इमारतींमागच्या पट्ट्यातून रस्ता काढून अठरा गाड्यांचं पार्किंग करायचं ठरलं, तेव्हाही आली. पालिकेकडे अर्ज करायचा तर प्रत्येक झाडाचा नंबर, जात, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर आणि स्थिती लिहून द्यायची होती. स्थिती म्हणजे हिरवे की वाळलेले.

घेर मोजायला मी बायकोच्या शिवणकामाच्या डब्यातली टेप घेतली. नंबर टाकायला पांढरा ऑइलपेंट आणि अर्ध्या इंचाचा ब्रश. तीन आंबे, एक जांभूळ, दोन साग, असं करत नऊ नंबरशी आलो. त्या झाडावर पांढरा रंग उठेना, कारण खोडच पांढरं होतं. साल कागदासारखी सुटत होती. घेर चार फूट नऊ इंच. फांद्यांवर एक पान नव्हतं, फक्त अगदी वर, टोकांना, काहीतरी तांबूस गुंते दिसत होते. ते मी वाळके डहाळे समजलो. नंबर शेवटी लाल रंगात टाकला.

सेक्रेटरी मान वर करून म्हणाले, "साहेब, ये झाड है के भूत? रोज सकाळी खिडकी उघडली की हाच समोर. दुकानाला जाताना मूडच जातो." त्यांचं उल्हासनगर कॅम्प चारला शिलाई मशीनच्या पार्ट्सचं दुकान आहे. मराठी ते आमच्यासाठी बोलतात आणि बरं बोलतात.

तोडणाऱ्याने कोयत्याच्या पाठीने खोडावर दोन वेळा ठोकलं. "सुकलंय वाटतं," तो म्हणाला. 'वाटतं' हा शब्द मी ऐकला होता. तरी रकान्यात लिहिलं: वाळलेले. वर्षानुवर्षांची सवय. रॅकवर एखादी वस्तू धूळ खात पडलेली दिसली की हात आपोआप 'निकामी' लिहितो.

जात मला माहीत नव्हती. तिथे मी 'जंगली' लिहिलं.

तेरा हिरव्या झाडांची पाहणी व्हायची होती, तिला वेळ लागणार होता. वाळलेल्या एकाची परवानगी आधी आली. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. अर्जाला मी फोटो जोडला होता आणि फोटोत झाड मेलेलंच दिसत होतं. मार्चच्या पहिल्या सोमवारी नऊ नंबर पाडलं. संध्याकाळी मी तोडणाऱ्याला दोन हजार दिले आणि व्हाउचरवर त्याचा अंगठा घेतला.

गुरुवारी सकाळी फिरायला निघालो तेव्हा बुंध्याकडे लक्ष गेलं. कापलेल्या गोल चकतीच्या कडेने डिंक आला होता. थेंब-दोन थेंब नव्हे. अंगठ्याएवढे जाड ओघळ सालीवरून खाली उतरून जमिनीला टेकले होते. बोट लावलं तर मऊ. शुक्रवारी ओघळ लांबले. शनिवारी त्यांच्यावर मुंग्या. मेलेल्या झाडाला डिंक येत नाही, एवढं मलाही कळतं. मी खाली वाकून उभा राहिलो आणि कोणी बघत तर नाही ना, म्हणून वरच्या खिडक्यांकडे पाहिलं.

त्याच शनिवारी मावशी गेटवर आली. वय सत्तरच्या आसपास असेल. आमच्या इमारती ज्या जमिनीवर आहेत, त्यातला मागचा तुकडा तिच्या सासऱ्यांचा होता. त्यांनी विकला, मग दुसऱ्याने, मग बिल्डरने. ती पाटी उतरवता उतरवता थांबली. इमारतींच्या मधल्या फटीतून तिला रोज जे दिसायचं, ते दिसत नव्हतं.

"झार कुठं गेला?"

"वाळलं होतं, मावशी. रस्ता येतोय ना."

"कोन बोलला वाललेला?"

मी म्हणालो, "मी लिहिलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "नख मारून बगलास काय?"

मला समजलं नाही. तेव्हा तिने गेटजवळच्या बदामाच्या खोडाला अंगठ्याचं नख मारलं. करड्या सालीखाली हिरवी रेघ उमटली. "ह्यो जित्ता. आत तपकिरी निंगाला तर मेलेला. एवरं पन करवलं नाय? लंगोटीतला पोर सांगंल."

"पान एकही नव्हतं, मावशी."

"पांढरूख हाय तो. हिवाल्यात पानं टाकतंय नि उघड्या अंगावर फुलतंय. फुलाव व्हता तो, दादा! फुलाव आलेला झार तुला मेलेला दिसला?"

टोकांवरचे ते तांबूस गुंते मला आठवले.

मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही इथेच होतात, मग बोलला का नाहीत. ती पाटीवरचा फडका नीट करत राहिली. मग म्हणाली, "तू नंबर टाकत व्हतास. घराला टाकतात ना सरकारचा नंबर, तसा. मना वाटलं, बरं झालं. सरकारनं झार सांभालाया घेतला."

पुढचं तिने आवाज न बदलता सांगितलं. तिची पहिली मुलगी अकरा महिन्यांची असताना तापाने गेली. तान्ह्या मुलाला त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. शेताच्या बांधावर, पांढरूखाच्या मुळाशी, पुरुष माणसांनी खड्डा घेतला. हिला नेलं नव्हतं. झाड कुठलं तेवढं सांगितलं. "लांबून दिसतंय म्हनून त्यो झार निवडला. पौषातल्या अवसेला वाटीभर दूध घालायची मी." आता रस्ता त्यावरून जाणार का, एवढंच तिने विचारलं.

दुधाचं मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या बाल्कनीतून मी तिला तिथे वाकलेली पाहिली होती. मुलं घाबरतात अशी तक्रार आली आणि गेटवर नोटीस लागली: बाहेरील व्यक्तींस मागील बाजूस प्रवेश नाही. नोटिशीचं अक्षर माझं आहे.

त्यानंतर मला एक खोड लागली. जिथे झाड दिसेल तिथे अंगठा खोडाकडे जाई. कारखान्याच्या भिंतीलगतचा गुलमोहर, स्टेशनबाहेरचा पिंपळ. हिरवं दिसलं की सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटत नसे. स्टोअरमध्ये 'निकामी' लिहायला पेन टेकवलं की हात थांबे. त्या मार्चअखेर मी एकूण एकोणीस वस्तू परत तपासल्या. साहेब म्हणाले, "यंदा काय झालंय तुम्हाला?" बुंध्याला मी दर रविवारी, दर वेळी नव्या जागी, नख मारत होतो आणि डायरीत नोंद करत होतो. पाच रविवार हिरवं. सहाव्या रविवारी एकाच बाजूला हिरवं. सातव्या रविवारी तपकिरी. आठव्या रविवारी मी चारही बाजूंनी मारलं.

पण त्याआधी, तिसऱ्या रविवारनंतर, मी पालिकेला पत्र दिलं. नऊ नंबरचं झाड जिवंत होतं, स्थिती मी चुकीची लिहिली, जबाबदारी माझी. खिडकीवरचा माणूस दोनदा वाचून म्हणाला, "काका, तक्रार कुणाविरुद्ध?" मी म्हटलं, माझ्याविरुद्ध. तो हसला. "लोक शेजाऱ्याची आणतात हो." मग पोच दिली.

सेक्रेटरी भयंकर चिडले. मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "किसीने पूछा था? तेरा झाडांची परमिशन अडकली आता. एवढं पुण्य पाहिजे तर हरिद्वारला जावा ना भाऊ, सोसायटी का पैसा क्यूँ डुबाते हो?" लोक हसले. मीही ओशाळून हसलो असेन.

मी सोबत कागद नेला होता. स्टोअरमधला एक सहकारी पालेगावात राहतो. त्याच्या सोसायटीत आंबे तोडले नाहीत, पण खोडाला चिकटवून काँक्रीट ओतलं. दोन वर्षांत दोन आंबे उभ्या उभ्या गेले. नंतर उरलेल्यांभोवती त्यांनी चार-चार फूट काँक्रीट फोडून माती मोकळी केली. मी एका रविवारी टेप घेऊन तिथे गेलो, मातीची ती आळी मोजली आणि परत येऊन आमच्या पट्ट्याचा नकाशा नव्याने काढला. रस्ता सरळ न नेता दोन नंबरच्या इमारतीच्या भिंतीलगत नेला, पुढे वळवला, तर तोडायची झाडं शून्य. प्रत्येक खोडाभोवती चार फूट माती. बुंध्याभोवती सहा फूट. अग्निशमनाची गाडी वळते, ते ठेकेदाराकडून तपासून घेतलं. तोटा एकच: अठरा गाड्यांच्या जागी तेरा.

"आणि त्या पाच कुणाच्या?" मागून एकाने विचारलं.

"पहिली माझी," मी म्हणालो. "बाकी चार चिठ्ठ्या टाकून."

"तुझी गाडी तर स्कूटर आहे!" कोणीतरी ओरडलं. या वेळचं हसणं जरा निराळं होतं. मुलीच्या लग्नानंतर चारचाकी घ्यायची म्हणून मी ती जागा धरून ठेवली होती, ते मी तिथे बोललो नाही. मतं मोजायचं काम नेमकं माझंच होतं, म्हणून सेक्रेटरींना मोजायला सांगितलं. सव्वीस विरुद्ध अकरा. त्यांनी आकडा वाचला आणि वही माझ्याकडे ढकलली. "लिहा. तुमचंच अक्षर चांगलं आहे."

गेटवरची नोटीसही त्याच दिवशी काढली. तिच्या चार कोपऱ्यांवरचा चिकटपट्टीचा डिंक अजून निघालेला नाही.

रस्ता मेअखेर झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मावशी पहिल्या पावसाची रानभाजी, शेवळं, घेऊन आली. मी तिला मागे घेऊन गेलो. ती नव्या रस्त्यावरून अनवाणी चालली आणि वळणाशी थांबली. बुंध्याचा पांढरेपणा गेला होता, डिंक वाळून काचेसारखा कडक झाला होता. तिने खाली बसून नख मारलं. मला ठाऊक होतं काय निघणार. तपकिरी रेघ उमटली.

"मेला," ती म्हणाली.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात हलवला. "बोलू नको. जागा दिसतेय. मना जागा पायजे व्हती." मग मोकळ्या मातीवर तळहात ठेवून ती थोडी बसली. उठताना मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

आजही सकाळी खिडकी उघडली की मला तिथे पांढरं खोड दिसतं, क्षणभर. सेक्रेटरींनाही दिसतं. परवा लिफ्टमध्ये आम्ही दोघेच होतो, तेव्हा ते हळूच म्हणाले, "साहेब, वो भूत... होता तेव्हा एवढा त्रास नव्हता."

शेवटी दिलेली रक्कम अशी. झाडं तोडणाऱ्याला दोन हजार, एका झाडाचे; उरलेले सव्वीस हजार सोसायटीच्या खात्यात तसेच. पालिकेला दंडाचे पाच हजार, माझ्या खिशातून, पावती माझ्या नावाची. मावशीला शेवळांच्या एका जुडीचे तीस रुपये. मी पन्नासची नोट देऊन राहू द्या म्हणालो. तिने कनवटीचा बटवा काढला, दहाच्या दोन नोटा मोजल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या.