वाणी बघायला आला तेव्हा

लग्न होऊन मी गिरगावातल्या एका खोलीत आले तेव्हा तिथे आधीच सात माणसं होती. आठवी मी. दोन वर्षांनी ह्यांनी मुलुंडला नव्या वसाहतीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला. स्वयंपाकघराला स्वतःची खिडकी होती, खिडकीबाहेर भाताचं शेत होतं, आणि दार होतं. लावलं की लागणारं दार. पहिल्या दिवशी मी ते उगीचच तीनदा लावून बघितलं. थोरले दीर आणि जाऊबाई मुलांसकट गिरगावातच राहिले. आमच्याबरोबर सासूबाई आल्या, संसार लावून द्यायला.

सासूबाईंना मुलुंड मुळीच पसंत नव्हतं. दादर संपलं की मुंबई संपली असं त्यांचं स्पष्ट मत होतं आणि त्या ते दिवसातून चारदा सांगत. पण खरा राग होता वाणसामानाचा, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. अख्ख्या वस्तीला स्टेशनाजवळ एकच दुकान. तिथला माणूस ज्या हाताने रॉकेल मापायचा त्याच हाताने साखर मापायचा, त्यामुळे आमच्या चहालासुद्धा काडी लावावी असं वाटे. तुरीच्या डाळीत खडे नसत, खड्यांत थोडी तूरडाळ असे. तांदळातल्या किड्यांची तक्रार केली तर तो शांतपणे म्हणायचा, "बाई, चांगला माल आहे म्हणून किडा लागला. वाईट मालाला किडा पण तोंड लावत नाही."



एके दिवशी सुपातले खडे वेचता वेचता सासूबाईंनी निकाल दिला. "दिवाळीपर्यंत बघते. फराळाचं सामान इथे धड मिळालं नाही तर आपण सगळे परत गिरगावात. खोली आहेच." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वर्तमानपत्रातून "बघू" म्हणाले. ह्यांचा 'बघू' म्हणजे आईचा हुकूम मंजूर, हे मला दोन वर्षांत कळून चुकलं होतं.

मला त्या खोलीत परत जायचं नव्हतं. जाऊबाई वाईट नव्हत्या, कुणीच वाईट नव्हतं. पण एकदा स्वतःचं दार लावून बघितलेल्या बाईला पुन्हा पडद्यामागे साडी बदलायला सांगू नये.

पंधरा दिवसांनी एकदा मी पिशव्या घेऊन दादरला जायची. तिथे एका मराठी दुकानदाराकडे माल घ्यायची. काळी टोपी, स्वच्छ धोतर, आणि रवा असा की त्यात हात घालावासा वाटावा. त्या दिवशी पिशवीचा बंद तुटला, दुकानाच्या पायरीवर मूग सांडले, आणि ते गोळा करता करता मी चिडून बोलून गेले, "त्यापेक्षा तुम्हीच का नाही हो मुलुंडला दुकान काढत?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "मनात आहे. पण वस्ती खातीपिती आहे का? महिनाअखेरच्या रविवारी येऊन चार घरं बघून जाईन म्हणतो."

मी घरी कशी पोचले मला ठाऊक नाही. पिशव्या दारातच टाकल्या आणि आधी शेजारणीकडे धावले. शेजारीण मालवणची. तिचा नवरा पूर्वी गिरणीत होता, आता इकडच्या एका कारखान्यात फिटर. ती वयाने माझ्याएवढीच, हाताने उदार आणि आवाजाने त्याहून. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मगे काय? येवंदे त्याका. असो बघून जावंदे की परत दादराक झोप लागूची नाय."

आमच्या बिल्डिंगमधल्या सहाही घरच्या बायका जमल्या. आता माणूस धंद्यासाठी बघायला येतोय, तर त्याला सरळ सांगावं की बाबा, आम्हाला हे हे हवंय, एवढं एवढं लागतं. पण आम्हा कुणाच्या डोक्यात ते आलं नाही. बघायला येतोय म्हटल्यावर आम्हाला बघण्याचा एकच प्रकार माहीत होता. आम्ही सगळी वसाहत मुलगी दाखवायला काढली. जिने धुतले, रांगोळ्या काढल्या, सहाही घरी कांदेपोहे ठरले. आणि मुलीकडच्यांनी करायचं ते सर्वांत मोठं काम आम्ही मनावर घेतलं, ते म्हणजे घरात काही कमी आहे असं पाहुण्याला दिसू न देणं.

अडचण एवढीच की महिनाअखेर होती आणि सहाही घरांतले डबे ठणठणीत रिकामे होते. सहा घरं भरायची कुणाची ऐपत नव्हती. मग शेजारीणच म्हणाली की सहा घरां कशाक, एकच भरूया आणि फिरवूया.

सगळ्यांनी मिळून एका घरापुरतं सामान आणायचं ठरलं. मी आणि शेजारीण ते दादरहूनच घेऊन आलो, पण त्या दुकानदारांच्या शेजारच्या दुकानातून, म्हणजे त्यांना संशय नको. पदराने तोंड झाकून त्यांच्या दुकानावरून जाताना आम्हाला इतकं हसू येत होतं की शेजारणीने माझ्या दंडाला चिमटा काढला.

डबे सासूबाईंचे. बारा पितळी डबे, गिरगावातून आणलेले, आरशासारखे घासलेले, प्रत्येकावर माझ्या सासऱ्यांचं नाव ठसठशीत कोरलेलं. सासरे जाऊन आठ वर्षं झाली होती. ते डबे सासूबाई मलासुद्धा घासू देत नसत. मी भीत भीत मागितले, तर म्हणाल्या, "न्या. माझं काय जातंय. तो काही दुकान काढत नाही." नाव भिंतीकडे करून ठेवायचं असं आम्ही ठरवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूष झालो.

रविवारी दुकानदार छत्री घेऊन आले. ते पुढच्या व्हरांड्यातून एकेका घरात शिरत होते आणि मागच्या गॅलरीतून डबे पुढे सरकत होते. इकडे ते पोहे खात, तिकडे आम्ही पदराखाली एकेक डबा घेऊन पळत. दर घरची बाई काही ना काही निमित्ताने त्यांना स्वयंपाकघरात नेई. "हवा बघा हो किती येते." हवा बघायची म्हणजे फळीकडे बघणं आलंच. चौथ्या घरी घोटाळा झाला. तांदळाचा डबा दारात अडकला, झाकण उडालं, आणि दोघीजणी गॅलरीत फतकल मारून तांदूळ भरत बसल्या. पुढचं घर शेजारणीचं. तिने दुकानदारांना खुर्चीतून उठूच दिलं नाही. "बसा हो, घाय कसली? खंयचे तुमी?" ते निघाले वेंगुर्ल्याकडचे. झालं. आजोळ कुठलं, पोस्टमास्तर कोण, यंदा भात कसं, सगळं विचारून होईपर्यंत बाराही डबे तिच्या फळीवर जाऊन बसले. मी घामाने निथळत होते, अंबाडा सुटला होता, आणि मला वाटत होतं, आयुष्यात इतकी मजा मी कधी केली नाही.

शेवटचं घर आमचं. सहावे पोहे समोर आले तेव्हा दुकानदारांनी हात जोडले. त्यांनी फळीवरचे डबे बघितले, रुमालाने कपाळ पुसलं आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, मंडळी फार चांगली. घरं खातीपिती आहेत यात शंकाच नाही. पण कुठल्याच घरात मुठीएवढीसुद्धा जागा नाही हो. महिनाअखेर असून सगळ्यांचे डबे काठोकाठ. तुमची सोय आधीच झालेली आहे. मी इथे येऊन विकू कुणाला?"

दाराआड उभ्या असलेल्या पाचजणींनी पदर तोंडाला लावले. काय केलं आम्ही हे? वाण्याला भरलेले डबे दाखवले. मला डोळ्यांपुढे गिरगावातला तो पडदा दिसू लागला. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, की दिवाळीला त्या गिरगावात.

सासूबाईही माझ्याकडे बघत होत्या. मग त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, फळीवरचा एक डबा घेतला आणि नाव पुढे करून दुकानदारांसमोर धरला.

"वाचा. हे आमच्या ह्यांचं नाव. पहिल्या घरापासून तुम्ही हेच बारा डबे बघताय. माझ्याहून जास्त चाल झाली आज त्यांची. या बायांचे खरे डबे खाटांखाली दडवलेत, ते बघा जाऊन."

ज्या बाईने आयुष्यात पाहुण्याला रिकामी वाटी दिसू दिली नाही, ती वाण्यासमोर उभं राहून हे सांगत होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

दुकानदार उलट्या पावली निघाले. आता ते खाटांखाली वाकत होते, एकेक पत्र्याचा डबा ओढून त्यावर बोटं वाजवत होते, आणि प्रत्येक रिकाम्या आवाजाला त्यांचा चेहरा खुलत होता. ते बघून आम्हाला चेव चढला. सकाळपासून भरलेपण दाखवणाऱ्या आम्ही, आता रिकामेपणात एकमेकींशी चढाओढ करायला लागलो. "माझ्याकडे बघा, रवा आठ दिवस नाही." "माझ्याकडे डाळ नाही आणि साखरही नाही." शेजारीण तर सगळ्यांवर ताण. तिने मिठाची बरणीच उपडी करून दाखवली. "ह्यां बघा. मीठसुद्धा नाय."

जाताना ते म्हणाले, दसऱ्याला दुकान उघडतो. मग पायरीवर थांबून मला म्हणाले, "तो तांदूळ माझ्या शेजाऱ्याकडचा ना? माझ्याकडचा असता तर एवढी कणी नसती."

संध्याकाळी सामानाच्या वाटण्या झाल्या, डबे घरी आले. सासूबाई ते पुसत बसल्या होत्या. मी जवळ बसले आणि विचारलं, "आई, तुम्हाला तर परत जायचं होतं."

"जायचंच होतं," त्या म्हणाल्या. "मला इथे काही आवडत नाही." मग झाकणावरून फडकं फिरवत म्हणाल्या, "दोन वर्षं गिरगावात तुला हसताना ऐकलं नव्हतं मी. मला वाटलं, मुलगी घुमी आहे. इथे आल्यापासून रोज दुपारी त्या मालवणीबरोबर खिदळतेस. मेली, डोळ्याला डोळा लागू देत नाहीस."

मी रडले. मग मला फार लाज वाटली की रोज आपण त्यांची झोप मोडत होतो. दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी आणि शेजारीण गॅलरीत खुणांनी बोलायला लागलो, पदराचा बोळा तोंडात धरून.

तिसऱ्या दुपारी आतून सासूबाईंचा आवाज आला. "काय गं, भांडलात की काय दोघी? मघापासून पडून आहे, झोप येत नाही."