कांडपावर चालणारे राघोबाबा

बैलगाडी अंगणात जुंपून उभी होती आणि राघोबाबांचा उजवा पाय उंबऱ्याच्या आत जमिनीला चिकटला होता. मुलगा सखाराम पुढून हात ओढत होता, मी मागून कमरेला आधार देत होते. कर्जतहून मुंबईची गाडी सुटायला फार वेळ नव्हता.

मी तेव्हा कर्जतच्या दवाखान्यात नर्स होते. कडावचे राघोबाबा माझ्या यादीतली अकरावी केस. आजार कंपवात. यात हात थरथरतात, अंग ताठरतं आणि चालता चालता पाय जागीच थिजतात, दारात तर हमखास. आजार वाढतच जातो. बेलाडोनाच्या थेंबांनी थरथर थोडी कमी होते, बरं कोणी होत नाही. बाबा दोनदा पडले होते. डॉक्टर म्हणाले होते, "घरात चालवता येत नसेल तर मुंबईच्या हॉस्पिटलात कायमचं ठेवा." बाबांना जायचं नव्हतं.

"मला नेताय तर म्हशीलाबी न्या. ती माज्याबिगर दूध नाय देत."

"आयेला देते ती. पाय उचला, बाबा."

"मी काय मुद्दाम धरून ठेवलाय काय रं?"

तेवढ्यात मागच्या पडवीत सखारामची बायको आणि शेजारीण भात कांडायला लागल्या. माणूस मुंबईला चालला तरी संध्याकाळचा तांदूळ लागतोच. दोन मुसळं, एकाच उखळात, आळीपाळीने.

बाबांचा पाय उचलला. मग दुसरा. उंबरा ओलांडून, गाडीला वळसा घालून ते थेट विहिरीपर्यंत गेले. सखाराम फरफटत मागे. मुसळं थांबली, तसे बाबाही थांबले.

"कांडा गं, थांबू नका," मी हाक दिली. बाबा परत आले. आम्ही चार फेऱ्या काढल्या. हसून हसून सखाराम ओट्यावर बसला.

"बाय, बैल ठेवू का सोडू?" गाडीवानाने विचारलं.

"सोडा."

डॉक्टरांकडून मी आठ दिवस मागून घेतले. यादी केली: डोस कधी, कांडप कधी, फेरी कधी. घरचं भात तिसऱ्या दिवशी संपलं. मग आळीतून भाताच्या टोपल्या कांडायला यायला लागल्या.

आठव्या दिवशी डॉक्टर आले आणि पाच बायका आपापली मुसळं घेऊन मदतीला हजर. पाचही सुरू झाल्या, प्रत्येकीचा ठेका वेगळा. बाबा एक पाय वर धरून तसेच राहिले आणि कलंडले. डॉक्टरांनीच झेललं.

"सिस्टर, ही ट्रीटमेंट आहे की लग्नघर?"

चूक माझी होती. यादीत वेळा होत्या, नावं नव्हती.

बाबांची बायको उठली. "व्हा गं बाजूला. सून नि शेजारीण, दोगीच कांडतील."

बाबा उंबरा ओलांडून गेले आणि आले. डॉक्टर त्यांच्या पुढे उलटे चालत होते, तेही ठेक्यात.

"नेता का मंग?" बाबांनी विचारलं.

"राहा इथेच," डॉक्टर म्हणाले.

बाबा आणखी चार वर्षं घरीच राहिले. शेवटच्या वर्षी मुसळांनीही पाय उचलेना. तेव्हा मी नवी यादी केली: कूस बदलणं, पेज भरवणं, पाठ पुसणं. या वेळी प्रत्येक कामापुढे नाव होतं.

केसपेपरवर औषधाचा रकाना छापलेला असे. घरात कोण काय करतं, याचा नसे. तो मी पेन्सिलीने आखून घेऊ लागले आणि आधी तोच भरू लागले.