काकूकडे जाऊन येतो

यमुनाकाकूंच्या बांगड्यांच्या दुकानात एखादी बाई येऊन बसली, की काकू आधी तिच्यासमोर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवायच्या. मग तिचा हात हातात घ्यायच्या, अंगठ्याखालचं हाड दाबून माप काढायच्या आणि बांगड्या भरायला लागायच्या. बाई उठून गेली की ते पाणी दारातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायचं आणि पेला पुन्हा भरून ठेवायचा. माझं कापडाचं दुकान बरोबर समोर असल्याने हे मी रोज पाहत असे. भर उन्हाळ्यात एसटीने तापून आलेली बाईसुद्धा त्या पेल्याला हात लावत नसे. कढीपत्ता मात्र माझ्या डोक्याच्या वर गेला होता.

एकदा मी गल्ल्यावरूनच विचारलं, "काकू, कोणी पीत नाई तं भरता काऊन?"

"पाह्यासाठी."

"काय पाह्यता?"

"कोण पीत नाई ते."

मला वाटलं, म्हातारीला वयाने घेरलं. मी हसून सोडून दिलं. त्या हसण्याची भरपाई मला पुढे चार हात रुंद आणि तीस हात लांब जागेने करावी लागली. ती जागा आठवली की मला अजून राग येतो, आणि काकूंबद्दल लिहायचं तर तो राग बाजूला ठेवून लिहिता येणार नाही.

हिंगणघाटच्या जुन्या बाजारपेठेत मी आलो तो हातगाडी घेऊन. वडनेरचा मी. घरची शेती भावांत वाटून उरली नव्हती. ब्लाउजपीस, टॉवेल, पेटीकोटचं कापड असा माल गाडीवर टाकून पहिल्याच दिवशी काकूंच्या दुकानासमोर उभा राहिलो. त्या बाहेर आल्या. "गाडी दोन हात सरकव. बाईले पदर सावरून पायरी चढा लागते." मी म्हणालो, एक हात सरकवतो. शेवटी दीड हातावर जमलं. या बाजारात मी केलेला तो पहिला सौदा, आणि त्यात अर्धा हात मी जिंकलो असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

काकू मला चार माणसांत 'शेठ' म्हणत, एकट्यात 'मधू' म्हणत आणि रागावल्या की 'गाडीवाल्या'. पुढे मी गाडीवरून टपरीत आणि टपरीतून दोन शटरच्या दुकानात गेलो, तरी हे तिसरं नाव त्यांनी सोडलं नाही. त्यांचं एक म्हणणं मी हजारदा ऐकलं असेल. "बाईले तोंडावर इचारलं तं नाई बोलत. हात हातात घेतला का सारं बोलते." कोणाची सून नांदत नाही, कोणाच्या घरी पोरगी पाहायला येणार आहेत, हे त्यांना आमच्या आधी कळायचं. पण एकीचं दुसरीला त्यांनी कधी सांगितलं नाही. हेही त्यांचं वैशिष्ट्य होतं, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे.

गाडीच्या दिवसांत माझी बायको मदतीला यायची. दिवसातून एकदोनदा म्हणायची, "काकूकडे जाऊन येतो." समोर जायची, थोड्या वेळाने परत यायची. हातात नवी बांगडी एकही नसायची. मी चिडायचो. "रोज रोज काय बांगड्या पाह्यते? घेणं नाई, देणं नाई." ती कापडाच्या घड्या करायला लागायची.

मग बाजार बसला. एकदम नाही, हळूहळू. आधी भांड्यांचं दुकान बंद झालं, मग चपलांचं, मग ओळीतली चार शटरं वर जाईनाशी झाली. गिऱ्हाईक जाम गावापाशी हायवेवरच्या दुकानांकडे जायला लागलं, नाहीतर थेट नागपूरला. व्यापाऱ्यांच्या सभेत प्रत्येकाकडे कारण तयार होतं. कोणी मोबाइलवरच्या खरेदीला शिव्या दिल्या, कोणी गाड्या लावायला जागा नसल्याचं रडगाणं गायलं. उपाय म्हणून वेशीपाशी कमान, दिवाळीला रोषणाई आणि एका दिवंगत व्यापाऱ्याच्या नावे आणखी एक पाणपोई, एवढं ठरत आलं होतं.

त्या सभेत काकू एकट्याच बाई. त्या उठल्या, पिशवीतून तोच पेला काढला, माठातून भरला आणि अध्यक्षांसमोर ठेवला.

"प्या."

अध्यक्ष आमचे सराफ. भला माणूस, प्यायला. काकूंनी पुन्हा भरला. तोही प्यायला. तिसऱ्या पेल्याला म्हणाला, "काकू, बस झालं."

"सभा अजून घंटाभर चालीन. मधात तुम्ही उठसान आन समोरच्या भिंतीपाशी जासान, मले माहीत हाये. पाणी पाजाले या बाजारात तीन पाणपोया हायेत, आता तुम्ही चौथी करता. प्यालेलं पाणी बाईनं न्यायचं कुठी?"

कोणीतरी खोकलं. कोणी छताकडे पाहिलं. हसायचं धाडस मात्र कोणी केलं नाही.

"म्हणून ते पीत नाई," काकू म्हणाल्या. "घरून निघताना पीत नाई, बाजारात पीत नाई. अकराच्या गाडीनं येते आन एकच्या गाडीनं पळते. जामच्या होटेलात संडास हाये, नागपूरच्या दुकानात हाये. तुमच्या कमानीखालून बाई जाईन, पण थांबन काऊन?"

संडास पाहिजे, यावर पाच मिनिटांत एकमत झालं. कुठे, यावर दीड तास भांडण झालं. प्रत्येकाच्या मते जागा दुसऱ्याच्या दुकानापाशी उत्तम होती. शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या, कारण माझ्या दुकानाशेजारी एक बोळ होता आणि तो माझा होता.

हा बोळ मी शेजाऱ्याशी सहा वर्षं भांडून मिळवला होता. वर साड्यांचं दालन काढायचं आणि जिना त्या बोळातून न्यायचा, असा माझा बेत होता. गाडीवर उभा असल्यापासूनचा बेत. मी सभेतच खुर्ची मागे लोटून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी काकू रस्ता ओलांडून आल्या आणि माझ्या गादीवर बसल्या.

"बोळ दे."

"नाई देत."

"अर्धा दे."

"अर्ध्या बोळात जिना चढत नाई, काकू."

"आन दोन घंट्यात लग्नाचा बस्ता बांधून होत नाई, मधू. बाई चार साड्या पाह्यते, पाचवीवर चुळबुळ करते आन उठते. तू काय करतं? भाव कमी करतं. तिले भाव नव्हता पाह्यजे, गाडीवाल्या."

हे मला लागलं. मी जन्मभर भाव तोडत आलोय, माणूस कुठे अडतो ते मला डोळ्यांवरून कळतं, अशी माझी समजूत. आणि उठून जाणाऱ्या कितीतरी बायांना मी उगाच दारापर्यंत जाऊन भाव उतरवून दिला होता. मी चिडून म्हणालो, विचार करतो. सौद्यात याचा अर्थ नाही असा होतो, आणि तो त्यांनाही कळत होता. तरी त्या तीन दिवस रोज येऊन बसल्या. तेवढंच बोलायच्या, उठायच्या.

तिसऱ्या दिवशी जेवताना मी बायकोपुढे काकूंच्या नावाने बोटं मोडली. म्हातारीला बसायला दिलं तर ती जागाच मागते, असं बरंच काही बोललो. बायकोने भाकरी वाढली आणि म्हणाली, "गाडीवर दिवसभर उभी राह्यत होती मी, तवा कुठी जात होती? कधी इचारलं?"

मी नाही विचारलं, हे मला तेव्हा कळलं.

"काकूकडे," ती म्हणाली. "दुकानाच्या मागं परसात होता त्यायचा संडास. मोठ्याच्या वेळेस सातवा महिना चालू होता, तुम्ही म्हणत होते बांगड्या काय पाह्यते."

मी भाकरी ताटात तशीच ठेवून हात धुतला.

सकाळी शटर उघडायच्या आधी मी काकूंच्या दारात उभा होतो. त्यांच्याकडून कळलं, परसात जाणारी माझी बायको एकटीच नव्हती, भाजीवाल्या, शाळेच्या मुली, खेड्यावरच्या बाया, सगळ्या तिथे जायच्या आणि सगळ्यांचा शब्द एकच होता, 'काकूकडे जाऊन येतो'. पुढे काकूंच्या घरची वाटणी झाली, परस दिराकडे गेलं, त्याने ते गोदामाला विकलं आणि मधे भिंत आली. काकूंनी पेला ठेवायला सुरुवात केली ती भिंत झाल्यावर.

"मले सांगतलं काऊन नाई?" मी विचारलं.

"ते तिचं बोलणं होतं, तुह्यं नाई."

"तीन दिवस माह्या गादीवर बसल्या तुम्ही. एवढं एक वाक्य बोलल्या असत्या तं मी तिथंच बोळ देल्ला असता."

"म्हणूनच नाई बोलली," काकू म्हणाल्या आणि बांगड्यांचे डबे पुसायला लागल्या.

मी सौदे करणारा माणूस आहे. समोरच्याच्या हातात हुकमाचा पत्ता असावा, त्याने तो खाली टाकूच नये आणि तरी मी हरावं, हे मला आजही पचलेलं नाही.

मी अटी घातल्या. दरवाजा बोळाच्या टोकाला, माझ्या दुकानाकडे नाही. सफाई दिवसातून दोनदा. आणि एक दिवस जरी घाण दिसली, तर कुलूप लावून मी जिना बांधणार.

"तिसरी अट लय चांगली हाये," काकू म्हणाल्या. मग सभेत सगळ्यांना सांगितलं, "किल्ली याच्यापाशीच ठेवा. याचा राग इतकी वर्षं फुकट चालला, आता कुठीतरी कामात येऊ द्या."

असं जुळलं. बांधकाम आणि नळ नगरपरिषदेचा, सफाईचा पगार व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून, देखरेख महिला बचत गटाची, जागा आणि किल्ली माझी. पण नळाची फाईल हलेना. मी नगरपरिषदेत जाऊन टेबलावर हात आपटला. माझा आवाज ऐकून बाजूच्या खोलीतले लोक बाहेर आले. काकू तोवर कोपऱ्यातल्या लिपिक बाईंचा हात हातात घेऊन बसल्या होत्या, बांगडीचं माप काढत. थोड्या वेळाने उठून माझ्या कानाशी आल्या.

"गाडीवाल्या, हळू बोल. बोळाच्या कागदावर तुह्यीच सही राह्यली हाये."

मी सही केली. त्या लिपिक बाईंनी कागद घेताना काकूंनाच हळूच विचारलं, "सुरू कधी होणार?"

सुरू झालं तेव्हा फीत कापायला कोणी पुढे आलं नाही. संडासापाशी फोटो काढून घ्यायची हौस आमच्या गावात कोणाला नाही. पहिल्या महिन्यात दाराची कडी तुटली, एकदा पाइप तुंबला, एका बाजाराच्या दिवशी टाकीत पाणी नव्हतं. त्या दिवशी मी किल्ली बोटात फिरवत भर रस्त्यात जिन्याचं माप घ्यायला लागलो. अध्यक्ष दुकान सोडून धावले, तासाभरात टँकर आला. काकू पायरीवर बसून पाहत होत्या. "आवाज अजून वाढव," म्हणाल्या, "गोदामापर्यंत जात नाई."

बाजार पहिल्यासारखा झाला असं मी म्हणणार नाही. पण चारांपैकी दोन शटरं वर गेली. बाया तीनच्या गाडीने परतू लागल्या. बस्ता बांधायला आलेली बाई आता साडी पायापर्यंत उलगडून पाहते. जिना मला दुकानातूनच काढावा लागला, त्यात दुकानाच्या दर्शनी भागातली निम्मी काच गेली, आणि ती पाहिली की माझं डोकं रोज एकदा फिरतं.

काकू गेल्या त्या थंडीत, दोन दिवसांच्या तापाने. आदल्या आठवड्यात मी त्यांना म्हणालो होतो, संडासाच्या पाटीवर सगळ्यांची नावं आहेत, तुमचंच नाही, लावून घेतो. म्हणाल्या, "बाया तिथी माह्या दर्शनाले येतेत का?" दुकान आता त्यांची भाची चालवते. पेला ती अजून ठेवते. बाया पितात, दुसऱ्यांदा मागून घेतात. कुंडीतला कढीपत्ता वाळला.

परवा एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. कॉलेजातली, काकूंना तिने कधी पाहिलंही नसेल. सहावी साडी अंगावर लावून पाहता पाहता ती थांबली आणि आईला म्हणाली, "काकूकडे जाऊन येतो."

बोळ माझा, किल्ली माझी, भांडणं सगळी माझी, आणि नाव लागलं त्यांचं. मी नोकराला सांगितलं, साडीची घडी घालू नको, ती येऊन राह्यली परत. आणि भाव उतरवला नाही.